बॅग पोटाशी धरलेला रेणू

जुलैमधली एखादी सकाळ. तुम्ही नवीन पनवेलहून निघालात, रिक्षा मिळाली नाही, म्हणून स्टेशनपर्यंत चालत आलात. छत्री होती, पण आपल्याकडचा पाऊस छत्रीला विचारून पडत नाही. जीन्स गुडघ्याच्या वरपर्यंत भिजली. ती अंगावरच वाळवत तुम्ही लेक्चर केलं, प्रॅक्टिकल केलं, कॅन्टीनमध्ये टाइमपास केला आणि संध्याकाळी परत भिजत घरी. असे पंधरा दिवस गेले, की एक दिवस मांडीच्या वरच्या बाजूला गोल लालसर चट्टा दिसतो. कडा उठलेली, मधला भाग फिकट. आणि खाज अशी, की रात्री झोपेची वाट लागते.

आता हे सांगायचं कुणाला? आईला? शक्यच नाही. मग तुम्ही घरापासून दोन चौक लांबच्या मेडिकलमध्ये जाता, गर्दी कमी व्हायची वाट बघता आणि खालच्या आवाजात ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हणता. काउंटरवरचा दादा एकही प्रश्न न विचारता एक ट्यूब पुढे सरकवतो. प्रश्न विचारला नाही म्हणून तुम्हाला हायसं वाटतं. खरं तर तिथेच घोळ होतो.

आमच्या ग्रुपमधल्या एकाची हीच गोष्ट. (नाव छापायचं नाही, या अटीवर त्याने लिहायला परवानगी दिलीय.) ट्यूब लावली, तीन दिवसांत लाली गेली, खाज गेली. साहेब खूश. ट्यूब बंद केली, तर आठवड्यात चट्टा दुप्पट. परत ट्यूब. हा खेळ चार महिने चालला. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेला तेव्हा चट्टे कमरेपर्यंत चढले होते आणि जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर वळ उमटले होते. चट्टे नंतर गेले, वळ अजून आहेत. डॉक्टरांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. तीन औषधं एकत्र होती : एक बुरशीवरचं, एक जिवाणूंवरचं आणि तिसरं क्लोबेटासॉल, म्हणजे कडक स्टिरॉइड.

स्टिरॉइडने होतं काय, तर शरीराची प्रतिकाराची यंत्रणा त्या जागी गप्प बसते. लाली आणि खाज ही बुरशीची कामगिरी नसून आपल्याच शरीराने केलेली आरडाओरड असते. ओरडणाराच गप्प झाला की वाटतं, भांडण मिटलं. बुरशी मात्र आत आरामात पसरत राहते, आणि मलमातलं बुरशीवरचं औषध कधी दिलं, कधी नाही असं होत राहिल्यामुळे त्यातून तगून राहणारे वाण निवडले जातात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी कित्येक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन घातलं. तरी ‘खाजेवर काहीतरी द्या’ हे वाक्य अजून चालतं, हे तुम्हालाही माहितीये.

गजकर्ण, नायटा हे आपल्या आजीच्या तोंडचे शब्द. तेव्हा हा क्षुल्लक आजार होता. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात तो क्षुल्लक राहिलेला नाही. नेहमीच्या टर्बिनाफिनला दाद न देणारी एक बुरशी देशभर पसरली. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी तिला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव दिलं : ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातला ‘इंडो’ म्हणजे आपणच. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमधल्या रुग्णांमध्ये सापडली तेव्हा अमेरिकेत बातमी झाली. आता गंमत बघा : बुरशीवरच्या अगदी पहिल्या चांगल्या औषधांपैकी एक, निस्टॅटिन, १९५० साली न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी शोधलं आणि त्याला न्यूयॉर्क स्टेटचं नाव दिलं. त्यांच्या राज्याचं नाव औषधाला लागलं, आपल्या देशाचं नाव रोगाला. थोडं लागतंच मनाला.

पण थांबा. आपल्याकडचीही दोन गावं या यादीत आहेत. एक पिंपरी आणि दुसरं मुलुंड. त्यांच्याकडे येतोच. आधी हे बघू, की बुरशीवर औषध काढणं एवढं अवघड का आहे.

जिवाणू मारायला पेनिसिलिनपासून कितीतरी औषधं आहेत, कारण जिवाणू आपल्यापासून फार वेगळे. त्यांची भिंत वेगळी, प्रथिनं बनवणारं यंत्र वेगळं. हवा तो भाग हेरा आणि मारा. बुरशीचं तसं नाही. बुरशी आपली लांबची चुलत भावंड आहे. तिच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक, आपल्यासारखीच बरीचशी यंत्रं. तिला विष घालायला जावं तर ते आपल्याच ताटात पडतं. त्यामुळे बुरशीमध्ये असलेल्या आणि आपल्यात नसलेल्या मोजक्याच गोष्टींवर सगळी औषधं उभी आहेत.

पहिली गोष्ट एर्गोस्टेरॉल. आपल्या पेशींच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पडद्यात त्या जागी एर्गोस्टेरॉल. मेडिकलमधली बहुतेक औषधं, म्हणजे फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल, टर्बिनाफिन, हे एर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या वाटेत कुठेतरी आडवी येतात. अँफोटेरिसिन-बी थेट एर्गोस्टेरॉललाच पकडतं. पण कोलेस्टेरॉल त्याच्यासारखंच दिसत असल्यामुळे ते आपल्या पेशींनाही, विशेषतः मूत्रपिंडाला, त्रास देतं. परदेशातले डॉक्टर त्याला चेष्टेने ‘ॲम्फोटेरिबल’ म्हणत आलेत. हे औषध १९५०च्या दशकातलं. आणि २०२१च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस म्हणजे काळी बुरशी आली, तेव्हा आपल्या हातात मुख्यतः हेच जुनं औषध होतं. तेव्हा तुम्ही शाळेत असाल. पण घरातल्या मोठ्यांना विचारा, त्याच्या इंजेक्शनसाठी लोक शहरभर कसे फिरत होते ते. केंद्राने राज्यांना हा आजार नोंद करणं सक्तीचा करायला सांगितलं, इतकी पाळी आली होती.

पिंपरीचा संबंध इथे येतो. तिथल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन नावाचं बुरशीनाशक मिळवलं. त्या सूक्ष्मजीवाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हॅमायसिनही अँफोटेरिसिनच्याच घराण्यातलं. पिंपरीतून एक औषध बाजारात आलं, ही गोष्ट एक्स्प्रेसवेवरून पुण्याला जाताना आपल्यापैकी किती जणांना आठवते?

दुसरी गोष्ट म्हणजे बुरशीची भिंत. आपल्या पेशींना भिंत नसते, बुरशीला असते, आणि ती बीटा-ग्लुकान नावाच्या साखरेच्या साखळ्यांनी विणलेली असते. हे विणकाम करणारं एन्झाइम बंद पाडलं की भिंत कमकुवत होते आणि पेशी आतल्या दाबाने फुटते. हे काम करणाऱ्या औषधांना इकायनोकॅन्डिन म्हणतात. आणि रचना पाहिली तर ही औषधं म्हणजे पेप्टाइडच : सहा अमिनो आम्लांचं कडं आणि त्याला चिकटलेली चरबीची लांब शेपटी.

आता पनवेलहून ठाण्याची लोकल पकडा आणि ठाण्याला उतरून मुंबईच्या दिशेने फक्त एक स्टेशन पुढे जा. मुलुंड. तिथे हेक्स्ट या जर्मन कंपनीचं संशोधन केंद्र होतं. वनस्पती आणि सूक्ष्मजीवांमधून नवी औषधं शोधायची, हे त्याचं काम. फोर्स्कोलिन हा जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये आजही रोज वापरला जाणारा रेणू याच केंद्रातल्या लोकांनी एका भारतीय वनस्पतीपासून काढला. १९८७ साली तिथल्या संशोधकांनी एका ॲस्परजिलस बुरशीतून नवा इकायनोकॅन्डिन मिळाल्याचं जाहीर केलं. कॅन्डिडा आणि ॲस्परजिलस या दोन्हींवर तो चालत होता. त्याचं नाव त्यांनी ठेवलं : मुलुंडोकॅन्डिन. हो, खरंच. रसायनशास्त्राच्या जागतिक यादीत मुलुंडचं नाव असं कायमचं कोरलं गेलंय.

त्याच सुमारास, १९८५ मध्ये, स्पेनमधल्या लोझोया नदीच्या खोऱ्यातल्या एका डबक्याच्या पाण्यातून दुसऱ्या एका कंपनीला एक बुरशी मिळाली. तिच्यातही याच घराण्यातला रेणू होता. त्या बुरशीच्या नावात पुढे लोझोया आलं. त्या रेणूत रसायनशास्त्रज्ञांनी थोडे बदल केले आणि जानेवारी २००१ मध्ये कॅस्पोफंगिन या नावाने तो अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झाला. आज आयसीयूमधल्या रक्तातल्या कॅन्डिडाच्या संसर्गावर ते पहिल्या फळीचं औषध आहे. डबक्यापासून बाटलीपर्यंत सोळा वर्षं.

मुलुंडोकॅन्डिन त्या बाटलीपर्यंत पोहोचलं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी केंद्रही दुसऱ्या कंपनीकडे गेलं. मुलुंडची ती बुरशी आता कुठे आहे माहितीये? जर्मनीत, ब्राउनश्वाइग नावाच्या शहरातल्या सूक्ष्मजीवांच्या संग्रहात, ५७४५ या नंबरखाली. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तिचा अख्खा जीनोम वाचला, तेव्हा कळलं की ती आधी समजत होतो त्या प्रजातीची पोटजात नसून वेगळीच प्रजाती आहे. तिचं रीतसर बारसं झालं : ॲस्परजिलस मुलुंडेन्सिस. औषध नाही, पण नाव तरी. मला विचाराल तर ही गोष्ट हळहळ वाटण्यापेक्षा चीड येण्यासारखी जास्त आहे. दोन शर्यतपटू जवळपास एकाच वेळी पळायला लागले आणि एकाच्या मागे सोळा वर्षं पैसा आणि माणसं उभी राहिली.

इकायनोकॅन्डिनला मर्यादाही आहेत. ते पोटातून शोषलं जात नाही, म्हणून शिरेतूनच द्यावं लागतं. काळ्या बुरशीवर ते फारसं चालत नाही. क्रिप्टोकॉकसवरही नाही. क्रिप्टोकॉकस म्हणजे कबुतरांच्या विष्ठेत सापडणारी ती बुरशी, जी एचआयव्हीसारख्या आजाराने प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्यांदाच धोकादायक बुरशींची यादी काढली. १९ नावं. त्यातल्या सर्वांत वरच्या गटात चार, आणि त्या चारांत क्रिप्टोकॉकस आहे. कॅन्डिडा ऑरिसही आहे. २००९ साली जपानमधल्या एका रुग्णाच्या कानात पहिल्यांदा सापडलेली ही बुरशी आता जगभरच्या आयसीयूंमध्ये पलंगाच्या कठड्यांवरही टिकून राहते आणि फ्लुकोनाझोलला बहुतेक वेळा जुमानत नाही.

हे सगळं लांबचं वाटत असेल, तर खारघरला आपल्याच पनवेल महापालिकेच्या हद्दीत टाटा मेमोरिअलचं ॲक्ट्रेक आहे. केमोथेरपी किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही दिवस जवळपास शून्यावर येतात. कुठल्याही कॅन्सर रुग्णालयात त्या दिवसांत डॉक्टरांच्या मनात एक भीती असतेच : कॅन्सर आटोक्यात येईल, पण बुरशी शिरली तर? तुमच्या मांडीवरचा चट्टा आणि त्या वॉर्डातली भीती यांत एक गोष्ट समान आहे. दोन्हीकडे कपाटातल्या औषधांच्या रांगा खूप छोट्या आहेत.

म्हणून नव्या रांगेचा शोध. आणि तो शोध सध्या ज्या काही वाटांनी चाललाय, त्यातली मला सगळ्यात भारी वाटणारी वाट बेडकापासून सुरू होते.

१९८७ सालीच, म्हणजे मुलुंडोकॅन्डिनच्याच वर्षी, अमेरिकेत मायकेल झॅसलॉफ नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की प्रयोगासाठी पोट चिरून शिवलेले बेडूक घाणेरड्या पाण्यात सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नाहीत. बेडकाच्या कातडीत त्याला छोटी पेप्टाइडं सापडली. त्यांना त्याने मॅगेनिन नाव दिलं, हिब्रूतल्या ‘ढाल’ या शब्दावरून. जिवाणू मारणारी, बुरशी मारणारी. मग कळत गेलं की अशी पेप्टाइडं जवळपास सगळ्याच प्राण्यांकडे आहेत. आपल्या घामात आणि लाळेतही आहेत.

ती मारतात कशी? अशा पेप्टाइडची एक बाजू धन भाराची असते, दुसरी तेलकट. बुरशीच्या आणि जिवाणूच्या पेशीचा बाहेरचा पृष्ठभाग ऋण भाराचा असतो. आपल्या पेशीचा बाहेरचा भाग त्या मानाने तटस्थ. धन ऋणाकडे ओढला जातो, चिकटतो, मग तेलकट बाजू पडद्यात घुसते आणि पडदा गळायला लागतो. पेशीतला माल बाहेर. खेळ खल्लास. एखाद्या एन्झाइमवर नेम धरणाऱ्या औषधाला चकवायला बुरशीला कधी कधी एकच म्युटेशन पुरतं. टर्बिनाफिनचं नेमकं तसंच झालं. पण अख्ख्या पडद्याचं बांधकाम बदलणं सोपं नसतं. अशक्य नाही, पण महाग पडतं.

मग बेडकाचं पेप्टाइड सरळ इंजेक्शनमध्ये का भरत नाहीत? कारण आपल्या शरीरात प्रोटिएज नावाची एन्झाइम आहेत. पेप्टाइड दिसलं की कापायचं, हेच त्यांचं काम. तुम्ही खाल्लेली अंडा भुर्जी तशीच पचते. औषध म्हणून दिलेलं पेप्टाइडही त्यांच्यासाठी भुर्जीच. बुरशीकडेही स्वतःची प्रोटिएज असतात. म्हणजे दोन्हीकडून मार.

इथे माणसाने एक युक्ती केली. ती कळायला तुम्हाला बायोकेमिस्ट्री नको, हार्बर लाइन पुरे. सकाळच्या गर्दीत तुम्ही डब्यात शिरताना काय करता? पाठीवरची सॅक काढून पोटाशी धरता. सॅक तीच, आतला डबा, चार्जर, जर्नल सगळं तेच. फक्त जागा बदलली. पाकीटमाराचा हात सवयीने पाठीकडे जातो आणि चेन सापडत नाही.

पेप्टॉइड म्हणजे हेच. पेप्टाइडच्या साखळीत प्रत्येक अमिनो आम्लाची ‘सॅक’, म्हणजे बाजूची साखळी, कार्बनला लटकलेली असते. ती काढून शेजारच्या नायट्रोजनला लटकवा. धन भार तोच, तेलकटपणा तोच, पण प्रोटिएजच्या सवयीच्या जागी काही नाही. ते चाचपडतं आणि निघून जातं. कॅलिफोर्नियातल्या कायरॉन कंपनीत रोनाल्ड झुकरमन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ही कल्पना आणि ती बनवायची सोपी पद्धतही मांडली. दुसरी एक युक्ती विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या सॅम्युएल गेलमन यांच्या गटाने वापरली : सॅक कार्बनलाच ठेवायची, पण साखळीत दर कडीमागे एक कार्बन जास्त घालायचा. दोन डब्यांमधलं कपलिंग लांब केलं असं समजा. या बीटा-पेप्टाइडांनी कॅन्डिडा मरतो, हे त्यांनी दाखवलं. टेनेसीमध्ये केव्हिन बिकर यांचा गट पेप्टॉइडं घेऊन क्रिप्टोकॉकसच्या मागे लागलाय. आपल्या जवळ, पुण्याच्या आयसरमध्ये गॅमा-अमिनो आम्लांपासून अशाच घडी पडणाऱ्या रेणूंवर काम झालंय.

बनवायची पद्धत ऐकाल तर बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचं ऑरगॅनिक आठवेल. प्लॅस्टिकचे रव्यासारखे बारीक मणी घ्यायचे. त्यांना ब्रोमोॲसेटिक आम्ल जोडायचं. मग एक प्रायमरी अमाइन टाकायचं. ते ब्रोमिनला हुसकावून त्याची जागा घेतं. हो, तीच एसएन-टू, जी तुम्ही व्हायव्हाच्या आदल्या रात्री पाठ केली होती. मणी धुवायचे, परत ब्रोमोॲसेटिक आम्ल, परत दुसरं अमाइन. दोन पायऱ्यांत एक कडी. शेवटी साखळी मण्यांवरून तोडून घ्यायची. मणी वापरून पेप्टाइड बनवायची मूळ कल्पना ब्रूस मेरीफिल्ड यांची, १९६३ची. तिला १९८४ चं नोबेल मिळालं. पेप्टॉइडची चंगळ अशी, की प्रायमरी अमाइन शेकड्यांनी विकत मिळतात. प्रत्येक म्हणजे एक नवी सॅक. फक्त वासाची तयारी ठेवा. बऱ्याच अमाइनना सुकटीसारखा वास येतो आणि लॅब कोटला तो आठवडाभर राहतो. घरचे विचारतील, बाजारात गेला होतास का?

बनवणं सोपं. खरी परीक्षा त्यानंतर.

शहाण्णव खड्ड्यांची एक प्लॅस्टिकची ताटली असते. एका खड्ड्यात औषध भरपूर, पुढच्यात त्याच्या निम्मं, त्याच्या पुढच्यात त्याच्याही निम्मं. सगळ्यांत सारखी बुरशी. एक-दोन दिवसांनी बघायचं, गढूळपणा कुठून सुरू होतो. ज्या सर्वांत कमी डोसला पाणी स्वच्छ राहिलं, तो आकडा लिहायचा. हा आकडा जितका लहान तितकं भारी. याच्यावर नाचायला लागतात तेव्हा गाइड म्हणतात, ‘थांब, रक्त लाव.’

दुसऱ्या ताटलीत तांबड्या रक्तपेशी. त्यांच्यात तेच रेणू, त्याच डोसांत. मग ताटली फिरवायची. पेशी शाबूत असतील तर तळाशी लाल ठिपका आणि वर स्वच्छ पाणी. पेशी फुटल्या असतील तर अख्खा खड्डा सरबतासारखा लाल. बुरशी फोडणारा रेणू माणसाची पेशीही फोडत असेल, तर ते औषध नाही, साबण आहे. आणि दुर्दैव असं, की रेणूला चरबीची शेपटी लावली, लांब केली, की बुरशी पटकन मरते, पण एका हद्दीनंतर दुसरी ताटलीही लाल व्हायला लागते. या क्षेत्रातलं निम्मं आयुष्य त्या शेपटीची लांबी ठरवण्यात जातं. इकायनोकॅन्डिनच्या पहिल्या पिढीची अडचणही रक्तपेशी फुटण्याचीच होती. शेपटी बदलत बदलत ती पुढे सरकली.

ताटलीनंतर यकृताच्या पेशी, मग उंदीर, मग रक्तातली प्रथिनं. ही प्रथिनं तेलकट रेणूंना चिकटून बसतात आणि बुरशीपर्यंत जाऊच देत नाहीत. मग माणसांवरच्या तीन टप्प्यांच्या चाचण्या. कॅस्पोफंगिनची सोळा वर्षं आठवा. आजच्या तारखेला एकही पेप्टॉइड बुरशीवरचं औषध म्हणून मेडिकलमध्ये मिळत नाही. रीलवर कुणी ‘बेडकाच्या रेणूने गजकर्ण गायब’ म्हणून क्रीम विकत असेल, तर ते स्क्रोल करा.

तुम्हाला यात शिरायचं असेल तर काय? लॅब नाही, पैसे नाहीत, कॉलेजचा फ्यूम हूड गेल्या वर्षीपासून बंद आहे, हे सगळं मान्य. पण परळला एक संस्था आहे, प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था. तिथल्या सुसान इडिक्युला-थॉमस यांच्या गटाने २०१० मध्ये ‘कॅम्प’ नावाचा डेटाबेस जगापुढे ठेवला. सूक्ष्मजीव मारणारी पेप्टाइडं, त्यांचे क्रम, कोणती बुरशीवर चालतात, कोणती जिवाणूंवर, सगळं एका जागी. वापरायला फुकट. तुम्ही स्वतः रचलेला अमिनो आम्लांचा क्रम त्यात टाकला, की रँडम फॉरेस्टसारख्या पद्धती वापरून तो सूक्ष्मजीवनाशक असण्याची शक्यता किती, हे सांगतो. पायथन येत असेल तर एका सुट्टीत प्रोजेक्ट होईल. त्यातून येणारा आकडा हा अंदाज असतो, ताटलीतला निकाल नव्हे, एवढं प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये न विसरता लिहा. अशी वाक्यं लिहिणाऱ्यांना एक्स्टर्नल जरा मान देतात, हा स्वानुभव.

आणि मायक्रोबायोलॉजीवाल्यांनो, मातीचं प्रॅक्टिकल तुम्हाला आहेच. बहुतेक जण काय करतात? गेटबाहेरच्या कुंडीतून चमचाभर माती. जरा त्रास घ्या. कर्नाळ्याच्या जंगलातली पानं कुजलेली माती, खाडीकाठच्या तिवरांखालचा चिखल, गाढी नदीचा काठ, आपल्याकडे काय कमी आहे? (कर्नाळा अभयारण्य आहे. तिथून काही उचलायच्या आधी वन खात्याची परवानगी घ्या, नाहीतर मला नावं ठेवाल.) काही वेगळं उगवलं तर ओळख पटवायला पुण्याच्या आघारकर संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, ब्राउनश्वाइग गाठायची गरज नाही.

तो ग्रुपमधला मित्र आता बरा आहे. गोळ्या कित्येक आठवडे घ्याव्या लागल्या. सॅकमध्ये कोरडी पॅन्ट ठेवतो, टॉवेल कुणाला देत नाही आणि मेडिकलमध्ये कुणी हळू आवाजात ट्यूब मागताना दिसलं, की मागून जाऊन, ओळख नसतानाही, ‘भाऊ, मागे बारीक अक्षरात बघ, क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही लिहिलंय का?’ म्हणून विचारतो. एकदा दुकानदाराने त्याला हाकलला. तो परत गेला.

तर या टर्मला तुमच्या प्लेटवर एखाद्या ठिपक्याभोवती स्वच्छ गोल वर्तुळ दिसलं, आजूबाजूला सगळं उगवलंय आणि तेवढ्याच भागात काही उगवलेलं नाही, तर ती प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये जाण्याआधी मॅडमना दाखवा, फोटो काढा आणि माती नेमकी कुठली होती, कुठल्या झाडाखालची होती, ते जर्नलमध्ये तारखेसकट लिहा. पुढे कधी नाव द्यायची वेळ आली तर गावाचं स्पेलिंग लागेल.